लाल जोडी कुठे गेली?

दोन फुल्या, एक पीळ : लेखांक ११

रशियातल्या व्होलोग्दाच्या बॉबिन लेसमधल्या जाळ्या या रविवारी या मालेत येणार होत्या. त्या आता पुढच्या रविवारी. लेस विणायचा लोड भरून, टाचण्या मोजून ज्यांनी तयारी ठेवली असेल त्यांनी कृपा करून रागावू नये. आठवड्यात एक पत्र आलं, एक मंगळागौर झाली, आणि दोन्हींनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं. ती गोष्ट सांगून टाकल्याशिवाय जाळ्यांकडे वळायला माझा हात धजत नाही.

पत्र कोथरूडहून आलं आहे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंचं. नवव्या लेखांकाबरोबर माझ्या सातवीतल्या भूगोलाच्या वहीचं कव्हर छापलं होतं, ‘सोव्हिएत देश’ या नियतकालिकाच्या गुळगुळीत पानाचं. त्यातल्या लेसच्या पट्टीवर बाईंनी भिंग धरलं. त्या लिहितात : ‘पट्टीच्या मधोमध गव्हाच्या दाण्यांसारखी एक ओळ उतरत जाते आणि प्रत्येक दाण्यात फुली दिसते. तुम्ही कापडी टाका शिकवलात, अर्धा शिकवलात, कडेची टाचणी शिकवलीत. हा दाणा कुठला? आणि तुम्हाला तो कोणी शिकवला?’

कोणी शिकवला नाही. मी तो उकलला, आणि त्यात एक अख्खा पावसाळा गेला.

उकलावा का लागला, ते आधी सांगते. लोडावर लावायचा, टाचण्यांच्या जागा दाखवणारा आपला टोचलेला कागद आठवा. रशियन बायका त्याला ‘स्कोलोक’ म्हणतात, म्हणजे टोचून उतरवलेला. सुरुवातीच्या एका लेखांकात मी त्याला उदबत्तीने भोकं पाडलेल्या रांगोळीच्या कागदाची उपमा दिली होती. ती उपमा आज अर्धी मागे घेते. रांगोळीच्या कागदावर ठिपके सगळीकडे असतात. पट्टीच्या लेसच्या स्कोलोकवर ठिपके असतात ते फक्त दोन कडांना. डावीकडे एक रांग, उजवीकडे एक रांग, मध्ये कोरा कागद. त्या कोऱ्या जागेत कापडी टाका घालायचा, अर्धा घालायचा, जाड दोरा सोडायचा की दाणे पाडायचे, याबद्दल ठिपके एक अक्षर बोलत नाहीत. इंग्लंडातल्या बारीक जाळीच्या लेसमध्ये जाळीच्या घरागणिक टाचणी असते, त्यामुळे नुसता कागद हाती लागला तरी पुष्कळसं वाचता येतं. व्होलोग्दाचा कागद हाती आला तर पट्टी कुठून कुठे वळते एवढं कळतं. पट्टीच्या पोटात काय आहे ते विणणारीच्या हातात राहतं.

म्हणून तिथे ही विद्या शेजारी बसवूनच दिली गेली. अन्फिया ब्र्यान्त्सेवा आणि तिची मुलगी सोफिया, या मायलेकींनी एकोणिसाव्या शतकात व्होलोग्दा शहरात ही लेस रुजवली. एकट्या सोफियाने शहरातल्या आणि खेड्यांतल्या मिळून आठशेहून जास्त मुलींना शिकवलं. आठशे मुली शेजारी बसवायच्या, त्यांची बोटं धरायची, चुकलेलं सोडवायचं, पुन्हा घालायला लावायचं. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. दुसरी सोफिया म्हणजे सोफिया दाविदोवा. ती प्रांताप्रांतांतून हिंडली, लेस विणणाऱ्या बायकांच्या घरी गेली, नमुने गोळा केले. सेंट पीटर्सबर्गला १८८३ मध्ये लेस विणणाऱ्या मुलींसाठी मारिइन्स्की शाळा सुरू झाली ती तिच्याच पुढाकाराने, आणि १८९२ मध्ये रशियन लेस आणि ती विणणाऱ्या बायका यांच्यावरचा तिचा ग्रंथ आला. कोणाच्या तरी बोटांत आहे पण कागदावर नाही, ते पकडून ठेवायची तिची धडपड होती. माझ्या वहीच्या कव्हरावरची पट्टी ज्या बाईने विणली, तिच्या शेजारी मला कोणी बसवणार नव्हतं. माझ्याकडे फक्त त्या पट्टीचा फोटो होता.

आता मंगळागौर.

भाचीच्या लग्नाला वर्ष व्हायचंय, तेव्हा तिची पहिली मंगळागौर, सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात. रात्रीच्या खेळांना बायकांचा एक ग्रुप बोलावला होता. पुण्यात आता तशी पद्धतच पडली आहे. बहुतेक जणी साठीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, कमरेला पदर घट्ट खोचलेल्या. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, सुपं नाचवून झाली, ‘लाट्या बाई लाट्या’ झालं, आणि मग त्यांनी छतातल्या हुकाला आठ रंगांच्या आठ ओढण्या बांधल्या. गोफ.

खेळ तुम्ही पाहिलेला आहे, पण माझ्यासाठी पुन्हा एकदा नीट बघा. आठ जणी गोलात उभ्या. चौघी घड्याळाच्या काट्यासारख्या निघतात, चौघी उलट. समोरून येणारीला आतून ओलांडायचं, तिच्या पुढचीला बाहेरून, मग आतून, मग बाहेरून. पाय ठेक्यात, ओढणी ताणलेली. खाली बायका फिरतात आणि वर हुकापाशी दोर वळत खाली उतरतो. त्यांच्या पुढारी काकू गोलाबाहेर उभ्या राहून टाळ्यांनी ठेका देत होत्या. पाचव्या का सहाव्या फेरीला त्या एकदम ओरडल्या, “थांबा! तांबडी दोनदा बाहेरून गेली.”

सगळ्या जागच्या जागी उभ्या. मी वर पाहिलं. दोरावर एका जागी तांबडी ओढणी दोन ओढण्यांवरून सरळ गेली होती, नुसती वरून. त्याच्या वरचं सगळं घट्ट, एकसारखं होतं. काकू म्हणाल्या, “उलट्या फिरा. तांबडी सुटेपर्यंत.” आणि आठही जणी पाठमोऱ्या निघाल्या. ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने, बाहेरून गेलेली बाहेरूनच, आतून गेलेली आतूनच. दोर वर वर उकलत गेला, तांबडी सुटली, काकूंनी टाळी दिली आणि त्या पुन्हा सुलट्या फिरू लागल्या.

भाजणीच्या वड्यांच्या वेळी मी मुद्दाम त्यांच्या पंगतीला बसले.

“काकू, आठ जणींत चूक दिसली कशी?”

“आठींकडे बघितलं तर एकही दिसत नाही हो. मी एकटी तांबडी धरते.”

“आणि तांबडी बरोबर गेली, पण हिरवी चुकली तर?”

“तर मग ती तांबडीला भलत्याच ठिकाणी भेटते,” असं म्हणून त्यांनी माझ्या पानात आणखी एक वडा ठेवायला सांगितला.

मी रात्री घरी येऊन कपाट उघडलं आणि त्या पावसाळ्याचे तुकडे काढून बसले. सगळे पांढरे, एक सोडून. त्या एकात लाल दोरा आहे.

झालं होतं ते असं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनची दोन वर्षं झाल्यावर मला पुस्तकातले शब्द वाचता येऊ लागले होते. ‘पोलोत्न्यान्का’ म्हणजे आपला कापडी टाका (फुली, पीळ, फुली), ‘सेत्का’ म्हणजे अर्ध्या टाक्याची विरळ पट्टी, ‘प्लेतेशोक’ म्हणजे दोन जोड्यांचा चारपदरी गोफ, ‘नास्नोव्का’ म्हणजे तो पानासारखा किंवा चौकोनी भरीव ठिपका, ज्यात चारपैकी एक धागा बाकीच्या तिघांतून खालीवर विणत जातो. रशियन लेसचे हे चार मूळ घटक. माझ्या फोटोतला दाणा चारांपैकी एकातही बसेना.

आधी भिंग धरलं. ज्यांनी छापील फोटोवर भिंग धरलं आहे त्यांना माहीत आहे काय होतं ते. जवळ जाल तसा धागा विरघळतो आणि छपाईचे ठिपके उरतात. कोथरूडच्या बाईंना दाणे दिसले आणि दाण्यातली फुलीही दिसली, यावरून त्यांनी भिंग जरा लांब धरलं असणार. तेच बरोबर. फुलीचा कुठला धागा वर, कुठला खाली हे फोटोतून मिळत नाही. पण मोजता येतं. मी डाव्या कडेची टाचण्यांची भोकं मोजली : सात. तेवढ्याच लांबीत दाणे किती? सात. इथे मला पहिलं उत्तर मिळालं. फिरती जोडी, म्हणजे उभ्या जोड्यांतून आडवी विणत जाणारी, डावीकडून उजवीकडे जाते आणि परत येते, तेव्हा कुठे डावीकडे पुढची टाचणी लागते. म्हणजे डाव्या दोन टाचण्यांमध्ये दोन ओळी. टाचणीमागे एक दाणा असेल, तर दाणा दर ओळीला पडत नाही, एका फेरीला, म्हणजे दोन ओळींना, एकदाच पडतो.

हे मोजण्याआधी मी दोन आठवडे दर ओळीला दाणा पाडत होते. पट्टी आखडून काडीसारखी ताठ होत होती आणि मी दोऱ्याला दोष देत होते.

दाण्याच्या दोन्ही बाजूंना बारीक झरोके दिसत होते, त्यांचं उत्तर सोपं होतं. फिरत्या जोडीने मधल्या भागात शिरण्याआधी एक पीळ घ्यायचा आणि बाहेर पडल्यावर एक. पीळ घेतलेली जोडी शेजारच्या उभ्या जोडीला थोडी दूर ढकलते आणि तिथे उजेड येतो. मी सात जोड्या घेतल्या, चौदा बॉबिन. एक फिरती, सहा उभ्या : दोन डावीकडे, दोन मध्ये, दोन उजवीकडे. अडलं ते त्या मधल्या दोघींपाशी. त्या एकमेकींना भेटतात आणि फुली होते, इथपर्यंत ठीक. पण भेटून जातात कुठे? आपापल्या बाजूला परत, की एकमेकींच्या बाजूला?

पांढऱ्या दोऱ्यात हे दिसत नाही. परत फिरलेली जोडी आणि आरपार गेलेली जोडी, दोन्ही वरवर सारख्याच दिसतात. त्याहून वाईट म्हणजे हाताने नेमकं काय केलं तेही पांढऱ्यात कळत नाही. मी ‘चार’ म्हणत होते आणि तीनच घालत होते, असं मागाहून लक्षात आलं. शेवटी बोहरी आळीतून आणलेल्या सुट्या लडीतला लाल दोरा मधल्या डाव्या जोडीला भरला. तेव्हा गोफ मनात नव्हता. वैतागून भरला होता. पण केलं ते काकूंनी केलं तेच.

आता लोड पुढे ओढा आणि हे माझ्याबरोबर करा. चारच बॉबिन घ्या. डावी जोडी लाल, उजवी पांढरी. अर्धा टाका, म्हणजे एक फुली आणि एक पीळ. फुलीत डाव्या जोडीचा आतला धागा उजव्या जोडीच्या आतल्या धाग्यावरून जातो. पिळात प्रत्येक जोडीतला उजवा धागा आपल्या डाव्या सोबत्यावरून जातो. एक अर्धा टाका घालून थांबा. बघा : दोन्ही बाजूंना एक लाल, एक पांढरा. जोड्या फुटल्या. दुसरा अर्धा टाका घाला. दोन्ही लाल उजवीकडे गेले, दोन्ही पांढरे डावीकडे. जोड्या पुन्हा अखंड झाल्या, फक्त घरं बदलली. तिसरा घाला. पुन्हा फुटल्या. चौथा घाला, आणि लाल आपल्या घरी परत, पांढरे आपल्या घरी परत, प्रत्येक धागा जिथून निघाला तिथे.

हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि मी एकटीच टाळी वाजवली. दोन अर्धे टाके म्हणजे आरपार. चार म्हणजे घरी. एक किंवा तीन म्हणजे जोडी फुटलेली. लाल दोरा कुठे आहे ते बघायचं, हाताने किती टाके घातले ते आपोआप कळतं.

मग तिन्ही प्रकारांनी दाणे पाडले. चार अर्ध्या टाक्यांनी दाणा लांबट होतो, उभ्या वळलेल्या दोरीसारखा, आणि पट्टीतून वर येतो. एका अर्ध्या टाक्याने नुसता हलका तिढा पडतो, दाणा भरत नाही, आणि फुटलेल्या जोड्यांतून पुढची फिरती जोडी नेली की फिकट मळकट दिसतं. दोन अर्ध्या टाक्यांनी, म्हणजे आपल्या पुऱ्या टाक्याने, आधी प्रत्येकीला एक पीळ देऊन, सपाट, पोटाशी रुंद दाणा पडला. मधोमध फुली. वहीचं कव्हर शेजारी ठेवलं. तोच.

तर कोथरूडच्या बाई, तुमचा दाणा असा आहे : फिरती जोडी जाऊन परत आली, डावीकडे टाचणी लागली, की तिला तिथेच सोडा. मधल्या दोन जोड्यांना एकेक पीळ द्या आणि त्यांच्यात एक पुरा टाका घाला. मग फिरती पुन्हा निघते. डाव्या दोघींतून कापडी टाक्याने, एक पीळ, मधल्या दोघींतून कापडी टाक्याने, एक पीळ, उजव्या दोघींतून कापडी टाक्याने, टाचणी, आणि त्याच वाटेने परत. लाल जोडी पहिल्या दाण्यानंतर उजवीकडे असली पाहिजे, दुसऱ्यानंतर डावीकडे, तिसऱ्यानंतर उजवीकडे. चौथ्या दाण्यानंतर ती उजवीकडे दिसली तर मध्ये कुठेतरी एक दाणा गळला किंवा जास्तीचा टाका पडला. तेव्हा काकूंचं ऐका आणि तांबडी सुटेपर्यंत उलट्या फिरा. बॉबिन लेस उलगडते तीही याच क्रमाने, शेवटचा पीळ आधी सोडायचा, मग फुली, मग त्याआधीचा पीळ. मधलाच धागा ओढू नका.

एक सावधगिरी, माझ्या अनुभवातून. तो लाल दोऱ्याचा तुकडा मी गौरी-गणपतीच्या गडबडीत तीन आठवडे लोडावर तसाच ठेवला. हवेत ओल होती. टाचण्या साध्या लोखंडी होत्या. तुकडा काढला तेव्हा दोन्ही कडांना गंजाचे तपकिरी ठिपके, आणि लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात गुलाबी होऊन उतरलेला. तेव्हापासून पितळी टाचण्या. आणि रंगीत दोरा आधी भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून बघायचा, रंग सुटला तर तो वापरायचा नाही.

फोटो नव्हे, प्रत्यक्ष लेस हाती असेल तर काय करायचं? याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं आणि ते इतकं सोपं आहे की सांगताना अजून आनंद होतो. माझ्या एका वर्गमैत्रिणीने मॉस्कोहून बशीएवढा एक रुमाल आणला होता, त्याच्यावर मी हे शिकले. फुली घालताना डावा धागा उजव्यावरून जातो, म्हणजे वर असलेला धागा उजवीकडे उतरतो. पीळ घालताना उजवा धागा डाव्यावरून जातो, म्हणजे वर असलेला धागा डावीकडे उतरतो. बस्स. विणलेल्या लेसमध्ये दोन धागे एकमेकांना छेदताना दिसले की वरचा कुठे झुकतो ते बघा. उजवीकडे उतरत असेल तर फुली, डावीकडे उतरत असेल तर पीळ.

मला भीती होती की लेस उलट्या बाजूने धरली तर सगळं उलटं दिसेल. तसं होत नाही. पालथी करा, फुली फुलीच राहते : पलीकडून बघताना डावं-उजवं बदलतं, पण त्याबरोबर वरचा धागा खाली आणि खालचा वर जातो, आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो. डोकं खाली, पाय वर अशी फिरवली तरी चालते. फक्त आडवी धरायची नाही. पट्टी ज्या दिशेने विणली गेली ती दिशा उभी ठेवायची. व्होलोग्दाची पट्टी सारखी वळणं घेते, त्यामुळे एका वळणावर वाचायला घेतलेलं पुढच्या वळणावर आडवं होऊन बसतं. मी पट्टीबरोबर रुमाल फिरवत राहते, सुईच्या टोकाने एक धागा धरून. कधी कधी मान दुखते, पण एक दाणा पुरा वाचून होतो.

वाचलेलं उतरवून ठेवायला बेल्जियममध्ये रंगांची एक चांगली पद्धत बसवलेली आहे. कापडी टाका जांभळ्या रेघेने, अर्धा हिरव्या, पुरा लाल, आणि जास्तीच्या पिळांना रेघेवर छोट्या आडव्या खुणा. अप्पा बळवंत चौकात तीन रंगांच्या पेन्सिली आणि चौकटींची वही घेतलीत की झालं. एक रेघ म्हणजे एक जोडी, एक धागा नव्हे, एवढं ध्यानात ठेवायचं. आपला दाणा त्या पद्धतीने काढला तर मधल्या दोन रेघा दर दोन ओळींनी एकमेकींना छेदतात आणि त्या छेदावर लाल ठिपका येतो. पान भरलं की ते गव्हाच्या ओंबीसारखं दिसतं.

गोफ हा शब्द आपल्याकडे फार जागा व्यापून आहे. खेळ गोफ, गळ्यातला सोन्याचा गोफ, आणि दोऱ्याचा गोफ. रविवार पेठेत माझ्या आईची मंगळसूत्रं ओवून देणारे एक पटवेकरी होते. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ते काम करायचे. मी त्यांना एकदा माझा ‘प्लेतेशोक’ दाखवला. त्यांनी तो नखाने चाचपला, शेवटचे दोन वेढे सोडवले, पुन्हा जसेच्या तसे वळले आणि म्हणाले, “चारपदरी.” रशियन शब्द मी त्यांना सांगितला नाही. त्या दिवसापासून मीही त्याला चारपदरीच म्हणते, आणि या मालेत तोच शब्द ठेवला आहे.

नारायणगावच्या एका वाचकांचा प्रश्न बरेच दिवस पडून आहे, तोही इथेच उरकते, कारण तो रशियाचाच आहे. अफानासी निकितिन हा त्वेरचा व्यापारी चौलला उतरून जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथे राहिला. त्याने किंवा त्याच्या मागून आलेल्यांनी ही लेस आपल्या जिल्ह्यात आणली असेल का? नाही. निकितिन इथे होता १४७० च्या आसपास, आणि त्याने आणला होता एक घोडा. जुन्नरच्या असदखानाने तो काढून घेतला, धर्म बदललास तर परत देतो म्हणाला, आणि एका खोरासानी माणसाने मध्यस्थी केल्यावर घोडा परत मिळाला. त्या काळी बॉबिन लेस रशियातही नव्हती. तिच्या नमुन्यांचं सगळ्यात जुनं छापील पुस्तक ‘ले पोंपे’, व्हेनिस, १५५७. म्हणजे निकितिननंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. आपल्या देशात ही लेस आली ती बरीच नंतर, आणि दक्षिणेकडे : नागरकोईलला लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या सुमाराला मुलींना ती शिकवायला घेतली. मला भावतं ते हे की नेमक्या १८२० मध्येच व्होलोग्दाजवळच्या कोविरिनो गावी झासेत्स्काया नावाच्या जमीनदारीणबाईंनी भूदास मुलींना बसवून लेसचा कारखाना काढला. जगाच्या दोन टोकांना एकाच सुमारास मुली लोडापुढे बसल्या. दोन्हीकडे हात तेच : फुली, पीळ.

पट्टीच्या पोटातले बाकीचे प्रकार आज नुसते दाखवून ठेवते. ‘स्कान’ म्हणजे पट्टीच्या मधून सोडलेला जाड दोरा. तो विणला जात नाही. फिरती जोडी त्याच्यापाशी आली की तिचा एक धागा वरून जातो, एक खालून, आणि दोन्ही बाजूंना पीळ देऊन तो जागेवर धरला जातो, जसं कातडी पट्ट्यात बोट धरावं. चीर पाडायची असेल तर फिरती मधूनच मागे वळवतात आणि उजव्या अर्ध्या भागात एका उभ्या जोडीलाच फिरती करतात. दोन ओळी अशा केल्या की मध्ये खाच राहते, मग दोघींना पुन्हा एकत्र आणायचं. नास्नोव्का मधोमध बसवणं मात्र घाईत नको. त्यातला विणणारा धागा जरा सैल सुटला की चौकोनाचं पान होतं, जरा ओढला की गाठ होते. मला आजही दहातले दोन उसवावे लागतात. त्याच्यावर एक पुरा लेखांक लिहायचा आहे, बहुतेक दिवाळीनंतर.

बॉबिनबद्दल विचारणाऱ्यांसाठी : पोळपाट-लाटणी करणाऱ्या कातारी माणसाकडून करून घ्या. लांबी वीतभराच्या आत, मान बारीक, डोकं छोटं. माझी शिसवीची आहेत आणि जड आहेत. रशियात बर्चची हलकी, सुकवलेली असतात, मणी न लावता, आणि एकमेकांवर आपटली की किणकिणतात. शिसवीचा आवाज बद्द येतो. सागवान घ्या.

पुढच्या रविवारी जाळ्या, नक्की. तोवर एक करून बघा. लाल जोडी पुरी लाल ठेवू नका. एक धागा लाल, एक निळा भरा, उजवी जोडी पांढरी. त्यांच्यात एक अर्धा टाका घाला आणि मग तशाच फुटलेल्या जोड्यांमधून फिरती जोडी कापडी टाक्याने नेऊन परत आणा. नंतर आणखी एक अर्धा टाका. लाल आणि निळा आता एकाच बाजूला आहेत का, आणि असतील तर कोण पुढे, कोण मागे? भाचीने काल माझ्या लोडावर हे केलं. तिला दोन वेळा वेगवेगळं उत्तर आलं, आणि दुसऱ्या वेळचं बरोबर होतं. तुमचं काय येतं ते चार ओळींच्या पत्राने कळवा, सोबत जमल्यास तुकडाही पाठवा.